नारा अर्ध्या दिवसात उरकू नका : देवळं नीट पाहण्यासाठी अडीच दिवसांचा बेत

जपान सहलीच्या बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत नारा एका ओळीत आटोपलेलं असतं. क्योतो किंवा ओसाकाहून सकाळी निघायचं, अकराच्या सुमारास मोठ्या बुद्धासमोर उभं राहायचं, हरणांना बिस्किटं घालायची आणि जेवून परतीची गाडी पकडायची. अडचण एवढीच, की सगळे असंच करतात. त्यामुळे अकरा ते तीन या वेळात तोदाईजीच्या, म्हणजे मोठ्या बुद्धाच्या देवळाच्या, वाटेवर जत्रा भरलेली असते, आणि सकाळी आठला किंवा संध्याकाळी पाचनंतर तीच वाट मोकळी. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला : नारात दोन रात्री मुक्काम करा. खालचा सगळा बेत तेवढा वेळ हाताशी आहे असं धरून लिहिला आहे. एकच दिवस असेल तर काय करायचं, तेही शेवटी सांगतो.

आधी नकाशा डोक्यात बसवा

७१० ते ७८४ या काळात नारा ही जपानची राजधानी होती. तेव्हाचं नाव हेइजो-क्यो. चीनच्या तांग राजधानीच्या धर्तीवर चौकटी आखून शहर वसवलं होतं. राजधानी हलली तसा राजवाडा ओस पडला आणि त्या जागी भाताची खाचरं आली. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी असलेली मोठी देवस्थानं मात्र टिकली आणि त्यांच्या आधाराने गाव पुन्हा वाढलं. आजचं शहर जुन्या राजधानीच्या पूर्व टोकाला का आहे, त्याचं कारण हे.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पाहण्याच्या जागा तीन ठिकाणी विखुरल्या आहेत. पहिली पूर्वेची : नारा पार्क, त्यात तोदाईजी, कोफुकुजी, कासुगा ताइशा, आणि लगतची नारामाची ही जुनी वस्ती. हे सगळं पायी होतं. दुसरी पश्चिमेची, निशिनोक्यो भागातली : याकुशीजी आणि तोशोदाईजी. तिसरी नैर्ऋत्येला, गाडीने दहा-बारा मिनिटांवर : होर्युजी. एका दिवसात तिन्हीकडे जायच्या फंदात पडू नका. देवळं साधारण पाचला बंद होतात आणि आत सोडणं त्याच्याही अर्धा तास आधी थांबतं. धावाधाव होते, हाती काही लागत नाही.

कधी जावं

आपल्याकडची मुलांची सुट्टी बघून बहुतेक कुटुंबं एप्रिल-मेमध्ये जातात. चेरीचा बहर साधारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो. एप्रिलअखेर ते ५ मे हा आठवडा मात्र टाळा. तेव्हा जपानी लोकांचीच मोठी सुट्टी असते आणि हॉटेलांचे दर वर चढतात. जूनच्या मध्यापासून पाऊस, आणि जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा सोसवत नाही.

मला विचाराल तर दिवाळीची सुट्टी सर्वोत्तम. हवा सुखद असते, नोव्हेंबर उलगडत जातो तशी मेपलची पानं रंगू लागतात, आणि ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नारा राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइनचं प्रदर्शन भरतं. शोसोइन हे तोदाईजीचं लाकडी कोठार. सम्राट शोमू वारल्यावर ७५६ साली त्याच्या राणीने त्याच्या वापरातल्या वस्तू बुद्धाला अर्पण केल्या, आणि त्या इथे जपून ठेवल्या गेल्या. आज संग्रह सुमारे ९,००० वस्तूंचा आहे. त्यातल्या मोजक्याच दरवर्षी दोन-अडीच आठवडे बाहेर निघतात, म्हणून दर वर्षी वेगळ्या वस्तू दिसतात. तिकिटं वेळ ठरवून आगाऊ काढावी लागतात. या काळात हॉटेलही लवकर भरतं, तेव्हा विमानाच्या तिकिटाबरोबरच खोली घेऊन टाका.

थंडी चालणार असेल तर १ ते १४ मार्चचा शुनिए उत्सव आहेच. त्याबद्दल तोदाईजीतल्या निगात्सुदो मंडपापाशी आल्यावर सांगतो.

पोहोचणं आणि उतरणं

नारात दोन मुख्य स्टेशनं आहेत आणि इथेच गोंधळ होतो. किन्तेत्सु कंपनीचं नारा स्टेशन पार्कच्या अगदी तोंडाशी. जेआरचं (जपान रेल्वेचं) नारा स्टेशन तिथून पायी पंधरा मिनिटं पश्चिमेला. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून किन्तेत्सुची जलद गाडी सुमारे ४० मिनिटांत पोहोचवते. क्योतोहून किन्तेत्सुच्या आरक्षित गाडीला ३५ मिनिटं लागतात, जेआरच्या जलद गाडीला साधारण ४५. तुमच्याकडे जेआरचा रेल्वे पास असेल तर तो किन्तेत्सुवर चालत नाही. पास नसेल तर डोळे मिटून किन्तेत्सु घ्या.

हॉटेल दोन्ही स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात घ्या. खोली मिळण्याआधी पोहोचलात तर सामान हॉटेलच्या काउंटरवर किंवा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. पार्कमध्ये बॅग ओढत फिरणं म्हणजे हरणांना आमंत्रण. बस-गाडीसाठी इकोका किंवा तसलं एखादं प्रीपेड कार्ड घ्या. पण रोख येनही जवळ हवेत, शंभराची नाणी विशेष. दानपेटी, हरणांची बिस्किटं, लॉकर, देवळातले शिक्के, सगळीकडे नाणीच लागतात. तिकिटांचा अंदाज : मोठ्या देवळांना प्रत्येकी साधारण ७०० ते १,२०० येन, होर्युजीला २,०००. चार जणांच्या कुटुंबाला हे बऱ्यापैकी पडतं, तेव्हा बजेट करताना विसरू नका.

दर्शनाच्या रीती

नावाच्या शेवटी ‘जी’ असेल तर ते बौद्ध मंदिर. ‘ताइशा’ किंवा ‘जिन्जा’ असेल तर शिंतो देवस्थान. फरक माहीत असणं गरजेचं, कारण नमस्काराची पद्धत बदलते.

शिंतो देवस्थानाच्या लाकडी किंवा दगडी तोरणापाशी थोडं थांबून, मान लववून आत शिरतात. वाटेच्या मधोमध चालत नाहीत. मधली वाट देवाची. आत हातपाय धुण्यासारखी सोय असते, पण फक्त हात आणि तोंड. उजव्या हातात पळी घेऊन डाव्या हातावर पाणी घाला, मग हात बदलून उजव्यावर, मग डाव्या ओंजळीत थोडं पाणी घेऊन चूळ भरा. पळीला तोंड लावायचं नाही, आणि चूळ हौदात टाकायची नाही, बाजूला. शेवटी पळी उभी धरली की उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून ती धुतली जाते. काही ठिकाणी आता पळीऐवजी नळीतून पाणी वाहतं ठेवतात. पुढे दानपेटीत नाणं टाकून दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या, मनात काय ते मागायचं, आणि पुन्हा एकदा वाकायचं.

बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत. हात जोडून शांत नमस्कार, आपण करतो तसाच. फुलं, नारळ, तेल यांतलं काही न्यायचं नसतं. अगरबत्ती लावायची तर तिथेच विकत मिळते.

चपला बऱ्याच ठिकाणी काढाव्या लागतात, त्यामुळे पटकन निघणारे बूट आणि न फाटलेले मोजे. फोटो अंगणात चालतात, गाभाऱ्यात बहुधा नाही. तोदाईजीचा मोठा बुद्ध हा अपवाद, तिथे फोटो काढू देतात. कचऱ्याच्या पेट्या जवळपास नसतातच. पिशवी जवळ ठेवा आणि कचरा हॉटेलवर घेऊन या.

आणखी एक छंद लागण्याची शक्यता आहे : गोशुइन. दर्शन झाल्यावर ठरलेल्या खिडकीशी आपली घडीची वही द्यायची. तिथला माणूस त्यावर कुंचल्याने देवतेचं नाव आणि तारीख लिहितो, लाल शिक्के उमटवतो. ३०० ते ५०० येन घेतात. वही देवळातच मिळते. साध्या डायरीवर शिक्का मागू नका, नाही म्हणतात. आणि आधी दर्शन, मग शिक्का. काही शिक्क्यांवर मधोमध एखादं वळणदार अक्षर दिसेल. ती सिद्धम लिपी, आपल्याच ब्राह्मीच्या कुळातली. देवनागरी वाचणाऱ्याला त्यातलं एखादं बीजाक्षर अर्धवट ओळखू येतं, तेव्हा गंमत वाटते.

पहिला दिवस, दुपारनंतर : कोफुकुजी, नारामाची, निगात्सुदो

दुपारी उतरलात असं धरू. किन्तेत्सु स्टेशनहून पाच मिनिटांवर कोफुकुजी. फुजिवारा या बलाढ्य घराण्याचं हे कुलदैवताचं देऊळ म्हणायला हरकत नाही. पाचमजली पगोडा (उंची ५० मीटर, आताची इमारत १४२६ ची) सध्या मोठ्या दुरुस्तीसाठी झाकलेला आहे आणि हे काम बरीच वर्षं चालणार आहे. हिरमुसू नका. इथे यायचं ते कोकुहोकान या संग्रहालयासाठी.

आत शिरलात की थेट असुराकडे जा. ७३४ सालची, लाखेत भिजवलेल्या कापडाच्या थरांची ही मूर्ती दीड मीटरच्या आसपास आहे. तीन तोंडं, सहा हात, आणि असुर म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं काहीही नाही. एका पोरसवदा मुलाचा सडपातळ देह, भुवया किंचित आक्रसलेल्या. तिन्ही चेहऱ्यांवरचे भाव वेगळे आहेत. बाजूच्या एका चेहऱ्याने खालचा ओठ चावलेला आहे, तो बाजूला जाऊनच दिसतो. पुराणांत देवांशी लढणारा असुर इथे बुद्धाचा राखणदार झाला आहे. शेजारी गंधर्व आहे, गरुड आहे, किन्नर आहे; आपलीच मंडळी, वेगळ्या मुलखात स्थिरावलेली. नारात हे वारंवार होतं. जपानी नावांच्या पाट्या वाचताना मागे कोण आहे हे कळलं तर मजा दुप्पट : बोनतेन म्हणजे ब्रह्मा, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, किचिजोतेन लक्ष्मी, बेनझाइतेन सरस्वती, बिशामोनतेन किंवा तामोनतेन म्हणजे वैश्रवण, अर्थात कुबेर. ही यादी फोनमध्ये टिपून ठेवा.

तिथून दगडी पायऱ्या उतरून सारुसावा तळं, आणि पुढे नारामाची. अरुंद गल्ल्या, लाकडी जाळीच्या दर्शनी भिंती, आत लांबच लांब गेलेली व्यापाऱ्यांची घरं. दारांवर कापडाची लाल गोलमटोल बाहुली टांगलेली दिसेल. ते माकड आहे. घरावरचं संकट स्वतःच्या अंगावर घेतं अशी समजूत. कोशी-नो-इए हे एक जुनं घर फुकट पाहता येतं. इथलंच गांगोजी देऊळ लहान म्हणून लोक सोडतात. तुम्ही सोडू नका. मागच्या बाजूला जाऊन छपराकडे पाहा. तपकिरी, राखाडी, लालसर अशा रंगीबेरंगी कौलांचा एक पट्टा दिसेल. देऊळ आठव्या शतकात आसुकाहून इथे आलं तेव्हा तिथली कौलंही आणली गेली. त्यांतली काही अजून पाऊस झेलत आहेत.

चार-साडेचारला, हिवाळ्यात त्याहून लवकर, तोदाईजीच्या मागच्या चढणीवर असलेल्या निगात्सुदोकडे निघा. नारामाचीहून अर्धा तास चालणं आहे. या मंडपाला तिकीट नाही आणि सज्जा चोवीस तास खुला असतो. सज्जाचं तोंड पश्चिमेला, म्हणजे समोर मोठ्या बुद्धाच्या मंदिराचं छप्पर, त्यामागे शहर आणि मावळता सूर्य.

शुनिए हा उत्सव इथलाच. ७५२ पासून एकाही वर्षी खंड पडलेला नाही. १६६७ साली उत्सवातल्याच आगीत मंडप जळाला, दोन वर्षांत नवा उभा राहिला, पण विधी चुकला नाही. मार्चचे पहिले चौदा दिवस रोज संध्याकाळी भिक्षू मोठाल्या बांबूंच्या मशाली सज्जावरून पळवतात आणि ठिणग्या खाली उभ्या गर्दीवर पडतात. त्या अंगावर घेणं शुभ मानतात. सिंथेटिक जाकीट घालून जाऊ नका, भोकं पडतात. १२ मार्चला सगळ्यात मोठ्या मशाली आणि सगळ्यात जास्त गर्दी. दुसरी कुठलीही तारीख निवडा.

दुसरा दिवस, सकाळी : तोदाईजी

मोठ्या बुद्धाचा मंडप एप्रिल ते ऑक्टोबर साडेसातला आणि नोव्हेंबर ते मार्च आठला उघडतो. त्या वेळी दारात हजर राहा. पण वाटेत नानदाईमोन या महाद्वारापाशी दहा मिनिटं काढा. ११८० च्या लढाईत तोदाईजी जळलं, त्यानंतर चोगेन नावाच्या भिक्षूने वर्गणी गोळा करून ते पुन्हा उभारलं. हे दार ११९९ चं. दोन्ही बाजूंना काळोखात उभे असलेले साडेआठ मीटरचे द्वारपाल उनकेई आणि काइकेई या शिल्पकारांनी आणि त्यांच्या कार्यशाळेने १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत उभे केले. एवढा वेग जमला कारण मूर्ती एका खोडाच्या नाहीत. शेकडो तुकडे वेगवेगळ्या हातांनी कोरून जोडले आहेत. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. जाळीतून नीट दिसत नाहीत. डोळे सरावेपर्यंत थांबा, मग पोटऱ्यांवरच्या शिरासुद्धा दिसतात.

आतल्या अंगणात मंडपासमोर आठ कोनी काशाचा दिवा आहे. सगळे त्याला वळसा घालून पुढे पळतात. तो आठव्या शतकातला, ११८० च्या आणि त्यानंतरच्याही आगीतून वाचलेला आहे. त्याच्या जाळीवर बासरी-झांजा वाजवणारे बोधिसत्त्व कोरले आहेत. वाऱ्याने उडालेल्या त्यांच्या वस्त्राच्या कडा जवळून पाहण्यासारख्या आहेत.

आता मंडप. ही इमारत १७०९ ची. मूळची दर्शनी रुंदी ८६ मीटर होती, आताची ५७, तरीही लाकडी बांधकाम म्हणून ती जगातल्या मोठ्यांपैकी आहे. आत वैरोचन बुद्ध, सुमारे १५ मीटर उंच, काशाचा. आगी आणि भूकंपांमुळे तो पुन्हा पुन्हा ओतावा लागला. आताचं मस्तक सतराव्या शतकअखेरचं आहे, तर बैठकीच्या कमळाच्या काही पाकळ्या अगदी मूळच्या.

मूर्तीत प्राण भरण्याचा, म्हणजे डोळे उघडण्याचा सोहळा ७५२ साली झाला आणि तो एका भारतीयाच्या हातून झाला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बोधिसेन हा भिक्षू ७३६ मध्ये चीनमार्गे जपानला पोहोचला होता. परंपरा त्याला दक्षिण भारतातला मानते. त्याने मोठ्या कुंचल्याने बुद्धाची बुबुळं रंगवली. कुंचल्याला लांबलचक दोऱ्या बांधल्या होत्या आणि खाली जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पुण्याचा वाटा सगळ्यांना. तो कुंचला आणि दोरी शोसोइनमध्ये अजून आहे. बोधिसेनाची समाधी शहराच्या पश्चिमेला रयोसेनजी या देवळात आहे. तोमिओ स्टेशनहून बस मिळते. हाताशी जादा अर्धा दिवस असेल तरच जा.

मूर्तीभोवती प्रदक्षिणा होतेच, वाट तशीच आहे. मागच्या कोपऱ्यात एका खांबाला भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं. त्यातून पार झालं की पुण्य लाभतं म्हणतात. शाळेच्या सहलीची रांग असेल तर सोडून द्या. बाहेर पडल्यावर मंडपाकडे तोंड करून उभं राहिलात की उजव्या हाताला लाल टोपडं घातलेली झिजकी लाकडी मूर्ती बसलेली दिसेल. तो बिन्झुरू, म्हणजे बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. त्याचा जो अवयव चोळाल तो तुमचा बरा होतो. गुडघे पार गुळगुळीत झालेत, यावरून भक्तांचं सरासरी वय समजतं.

नंतर चढ चढून होक्केदो. बहुतेकांचं पाऊल इथे वळत नाही आणि माझ्या मते हीच तोदाईजीतली सर्वोत्तम खोली आहे. मध्ये अष्टभुज अमोघपाश अवलोकितेश्वर, दोहों बाजूंना ब्रह्मा-इंद्र, भोवती दिक्पाल, सगळे आठव्या शतकातले आणि माणसाच्या दुपटीने उंच. फोटो नाहीत, गाणी नाहीत. निवांत बसा.

हरणं

पार्कमध्ये हजाराच्या वर हरणं मोकळी फिरतात. कासुगाचा देव ताकेमिकाझुची पूर्वेकडून पांढऱ्या हरणावर बसून आला, म्हणून ती देवाची. १९५७ पासून त्यांना कायद्याने राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा आहे. कुणाच्या मालकीची नाहीत, पाळीवही नाहीत. हे लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच घोटाळे टळतात.

खायला फक्त ‘शिका सेम्बेई’ द्यायची : कोंडा आणि पिठाच्या गोल चकत्या, साधारण २०० येनला एक गठ्ठी, वाटेवरच्या टपऱ्यांवर मिळते. गठ्ठीला बांधलेली पट्टी कागदाची असते, हरणाने गिळली तरी बाधू नये अशी. गठ्ठी हातात आली की तुम्हाला एक-दोन सेकंदच मिळतात. चार-पाच जणं घेरतात, काही मान खाली-वर करून चक्क नमस्कार करतात. तुम्ही मान लववलीत की ती पुन्हा लववतात. मग लगेच चकती द्या. फोटोसाठी चकती उंच धरून खेळवत बसलात की धक्का किंवा चावा ठरलेला, आणि चूक त्यांची नसते. चकत्या संपल्या की दोन्ही तळवे उघडे करून दाखवा. त्यांना ते कळतं, लगेच पाठ फिरवतात.

लहान मूल सोबत असेल तर गठ्ठी मोठ्यांनी धरावी आणि एकेक चकती मुलाच्या हातात द्यावी. नकाशा, तिकीट, ओढणीचं टोक, पिशवी यांतलं लोंबतं काही ठेवू नका. सप्टेंबर ते नोव्हेंबर नर माजावर असतात, मे ते जुलै पाडसांच्या आया चिडक्या. दोन्ही वेळा अंतर ठेवा, पाडसाला हात तर मुळीच लावू नका. घरून नेलेला चिवडा, बिस्किटं, केळं काहीही देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशव्या गिळून इथे हरणं मेली आहेत.

कासुगा ताइशा

होक्केदोहून वाकाकुसा टेकडीच्या पायथ्याने कासुगा ताइशाला जाणारी वाट वीस मिनिटांची. परंपरेने स्थापना ७६८ ची. इथलं वैशिष्ट्य म्हणजे दिवे : दगडी सुमारे २,००० आणि काशाचे सुमारे १,०००, शतकानुशतकं भाविकांनी वाहिलेले. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीतल्या सेत्सुबुन सणाला आणि १४-१५ ऑगस्टला, ते सगळे पेटवतात. बाकी वेळी गेलात तर आतल्या भागाचं तिकीट काढून फुजिनामी-नो-या ही अंधारी खोली पाहा. तिथे रोज दिवे लावलेले असतात. बाहेरचं आवार फुकट आहे, पण काशाच्या दिव्यांची लाल ओवरी आतच आहे, तेव्हा पैसे वाचवू नका.

देवळामागचं रान ८४१ सालापासून तोडलेलं नाही, तेव्हाच्या बंदीहुकुमामुळे. आणि देवळाच्या इमारती मात्र दर वीस वर्षांनी नव्या-दुरुस्त करतात. मागचा फेरा २०१५-१६ मध्ये झाला. येताना खडीच्या लांब वाटेने, दगडी दिव्यांमधून खाली चालत या. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी देवळापर्यंत बसने यावं, आणि परतही बसनेच जावं.

दुसरा दिवस, दुपारी : याकुशीजी आणि तोशोदाईजी

किन्तेत्सु नाराहून यामातो-साइदाईजीला गाडी बदलून निशिनोक्यो. स्टेशनला लागूनच याकुशीजी. पूर्वेचा पगोडा ७३० चा. दिसतो सहामजली, आहे तीनमजली, मधली छोटी छपरं नुसती झालर आहेत. पश्चिमेचा जोडीदार १९८१ मध्ये नव्याने बांधला, त्यामुळे मूळ रंग कसे असतील ते शेजारीच कळतं. मुख्य मंडपात भैषज्यगुरू बुद्ध. मूर्तीच्या मागे जाऊन बैठक पाहा : द्राक्षवेल, कमळ, आखूड कमरवस्त्रातल्या गबदुल आकृत्या, खाली चिनी दिशादेवता. सगळा रेशीममार्ग एका चौथऱ्यावर.

उत्तरेच्या आवारात ह्युएन त्सांगचं स्मारक आहे आणि तिथे इकुओ हिरायामा या चित्रकाराने त्याच्या प्रवासाची भित्तिचित्रं काढली आहेत. ह्युएन त्सांग सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या माणसांबद्दल लिहून गेला. चित्रमालिकेतलं एक दृश्य दख्खनच्या पठारावरच्या संध्याकाळचं आहे. ठरावीक हंगामातच ही चित्रं खुली असतात. निघण्याआधी देवळाच्या संकेतस्थळावर तारखा पाहा.

तिथून दहा मिनिटं चालत तोशोदाईजी. चिनी भिक्षू गानजिन समुद्र ओलांडण्याच्या पाच प्रयत्नांत अपयशी ठरला, दृष्टी गमावली, सहाव्या खेपेस पोहोचला आणि ७५९ मध्ये हे देऊळ स्थापन केलं. मुख्य मंडप त्याच शतकातला. आतल्या सहस्रभुज अवलोकितेश्वराचे ९५३ हात शिल्लक आहेत. साडेचारनंतर आत सोडत नाहीत, म्हणून याकुशीजीत उशीर करू नका.

तिसरा दिवस : होर्युजी

सामान घेऊनच निघा. जेआर नाराहून ओसाकाकडे जाणाऱ्या यामातोजी मार्गावरच होर्युजी स्टेशन आहे, त्यामुळे पाहून झालं की तसेच पुढे जाता येतं. मात्र मोठी बॅग असेल तर ती कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवणं सोयीचं. हॉटेलचे लोक व्यवस्था करून देतात. स्टेशनहून वीस मिनिटं पायी.

राजपुत्र शोतोकुने ६०७ मध्ये स्थापलेलं मूळ देऊळ ६७० साली जळलं. त्यानंतर उभा राहिलेला मंडप आणि पाचमजली पगोडा या जगातल्या सर्वांत जुन्या टिकलेल्या लाकडी इमारती. पगोड्याच्या मधल्या खांबाचं झाड ५९४ साली तोडलं होतं, असं खोडाच्या वलयांवरून निघालं आहे. म्हणजे मंडप बांधायच्या कितीतरी आधी.

अजिंठा पाहिलेल्या माणसाने या मंडपात जरा जास्त वेळ काढावा. भिंतींवर सातव्या शतकअखेरची बुद्धलोकांची मोठी चित्रं होती आणि त्यातल्या बोधिसत्त्वाची तुलना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीशी नेहमी केली जाते. तीच झुकलेली मान, तीच हाताची ठेवण. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे, चित्रांच्या नकला काढण्याचं काम चालू असताना, आग लागली आणि चित्रं होरपळली. वरच्या बाजूच्या उडत्या अप्सरांच्या छोट्या चौकटी आधीच काढून ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. आता दिसतात त्या नकला. या आगीनंतर १९५० मध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारीला जपानभर देवळांत आग विझवण्याचा सराव करतात.

नव्या संग्रहालयातला उंच, सडसडीत कुदारा कान्नोन (कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर) चुकवू नका. युमेदोनो या मंडपातली गुप्त मूर्ती ११ एप्रिल ते १८ मे आणि २२ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर एवढीच दाखवतात. दिवाळीत जाणाऱ्यांना ती बहुधा मिळते.

शाकाहारी मंडळींसाठी

खरी अडचण मांसाची नाही, माशाच्या सुक्या किसाच्या पाण्याची. दाशी म्हणतात ते हे. नूडल, सूप, भाजी, बुडवून खायचा सॉस, बहुतेक सगळ्यात असतं, आणि वाढणारा प्रामाणिकपणे ‘यात मासा नाही’ म्हणतो. ‘मांस, मासे, माशाची दाशी, अंडं चालत नाही’ एवढं जपानीत लिहवून फोनमध्ये ठेवा. सकाळच्या नाश्त्याला चागायु मागा : चहाच्या पाण्यात शिजवलेला पातळ भात, आपल्या पेजेच्या जातीचा. सोबतचं लोणचं नारात दारूच्या चोथ्यात मुरवलेलं असतं, पथ्य असेल तर बाजूला ठेवा. पानात बांधलेली सुशी नाराची खासियत, पण तीत मासा. योमोगी मोची, म्हणजे हिरव्या पानाचा चिकट तांदळाचा गोळा आणि आत अझुकी या छोट्या लाल कडधान्याचं गोड पुरण, निर्धास्त खा. देवळांतलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी असतं, पण आगाऊ सांगावं लागतं. आणि जेवायला उशीर करू नका. नारात रात्री आठनंतर बरीच दुकानं बंद होतात.

एकच दिवस असेल तर

पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून आठला तोदाईजी गाठा. महाद्वार, मोठा बुद्ध, होक्केदो, निगात्सुदो, मग कासुगा. साडेबारापर्यंत हे आरामात होतं. जेवून कोफुकुजीचं संग्रहालय, मग नारामाचीत गांगोजी. संध्याकाळी पाचच्या गर्दीची गाडी टाळून साताची घ्या. याकुशीजी, तोशोदाईजी आणि होर्युजी सरळ सोडा. पाऊस असेल तर कासुगाची खडीची वाट गाळून राष्ट्रीय संग्रहालयातलं बुद्धमूर्तींचं दालन पाहा, ते सोमवारी बहुधा बंद असतं.